देवळात मन लागत नाही, डोळे आखताना लागतं

शेवंती

चतुर्थीला अजून थोडा अवकाश आहे, तोवर लिहून टाकते. एकदा पाट यायला लागले की मान वर करायला फुरसत नसते.

गोव्याबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगते. आमच्याकडे बऱ्याच घरांत गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. घरचा लाकडी पाट आधी चित्रशाळेत नेऊन द्यायचा. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी, नाहीतर त्याच सकाळी, पाटासकट घरी येते. पाट बघूनच आम्हाला घर कळतं. कोणाचा पाट वाळवीनं खाल्लाय, कोणी नवीन सागवानी करून घेतलाय, कोणाच्या दोन भावांनी यंदापासून वेगवेगळे पाट पाठवलेत. ही शेवटची बातमी गावाला कळण्याआधी चित्रशाळेला कळते.

फोंडा तालुक्यातली आमची ही चित्रशाळा आजोबांची, मग बाबांची. आता चुलतभाऊ आणि मी मिळून बघतो. माती मळणं, साचा, हातपाय जोडणं हे त्याच्याकडे. रंगाचा शेवटचा हात आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे. एरवी मी नोकरी करते, हिशेब लिहायची.

आता मुद्द्याचं. आमचं घर देवदेव करणारं. सोमवार, एकादशी, पालखी, सगळं साग्रसंगीत. मी गाभाऱ्यासमोर हात जोडून उभी असते आणि डोक्यात सिलिंडर कधी संपणार, पोराची फी भरली का, असलं काहीतरी चालू असतं. आरत्या तोंडपाठ, त्यामुळे तोंड आपलं काम करत राहतं. एका मैत्रिणीच्या आग्रहानं ध्यानाच्या शिबिरालाही जाऊन आले. डोळे मिटा, आत बघा, म्हणाले. मी मिटल्या डोळ्यांनी समोरच्या बाईच्या साडीच्या काठाचा रंग कशात काय मिसळलं तर येईल ते ठरवत बसले. पैसे भरून.

डोळे आखताना मात्र हे होत नाही. मूर्ती पुरती सुकलेली, अंगाचा रंग झालेला, आणि चेहरा आंधळा. समोर एक दिवा, तोही मूर्तीच्या नाकाच्या पातळीला, म्हणजे पापणीच्या कडेची सावली दिसते. डाव्या हातात आडवी काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं. ब्रश अगदी बारीक, टोकाला मोजके केस. रंग दाट झाला तर रेघ मध्येच तुटते, पातळ झाला तर पावसाळी हवेत पसरते, म्हणून आधी अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघायची. श्वास सोडायचा आणि रिकाम्या छातीनं वरच्या पापणीची रेघ नाकाकडून कानाकडे एका दमात न्यायची. मग खालची. मग बुबुळ. शेवटी पांढरा ठिपका, तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, नाहीतर देव तिरळा दिसतो. त्या वेळी मी कुठे असते मला सांगता येत नाही. बाहेर धो धो पाऊस लागून थांबलेला असतो आणि मला दोन्ही कळलेलं नसतं.

बाबांच्या गणपतीचे डोळे टपोरे, हसरे. लोक लांबून ओळखायचे. माझे तसे होत नाहीत. माझी वरची पापणी शेवटाला किंचित खाली येते. बाबा गेल्यावर पहिल्या काही वर्षांत मी त्यांच्या जुन्या फोटोंवर पातळ कागद ठेवून रेघा गिरवल्या. कागदावर यायचं, मूर्तीवर हात पुन्हा आपल्या वळणावर. एका यजमानांनी तर तोंडावर सांगितलं, बाय, तुझो गणपती रडकुंडीक आयिल्लो दिसता. पुढच्या वर्षी त्यांचा पाट आला नाही.

दुसऱ्या एका घरातल्या आजींनी तेच डोळे बघून विचारलं, हा कोणाचं तरी ऐकत बसलाय का? त्यांचा पाट दरवर्षी येतो.

हल्ली मी गिरवणं सोडलंय. रेघ खाली येते तर येते. मला ती आवडते असं नाही बरं का. अजूनही वाटतं, बाबांसारखी यायला हवी होती. पण ती माझी आहे, एवढं मान्य झालंय, आणि मान्य झाल्यापासून हात कमी थरथरतो.

तर प्रश्न असा. याला अध्यात्म म्हणायचं, की नुसती कामाची तंद्री? तुमच्यापैकी कोणाला देवळाबाहेर, कुठल्यातरी कामात, असं काही सापडलंय का?

आगाऊ_पोर

वाचनखूण साठवली. पहिला नंबर माझा. सविस्तर प्रतिसाद जेवून.

अंत्रुजकर

शेवंतीताई, फार सुरेख लिहिलंय. नखावर रेघ ओढून बघायची ही गोष्ट वाचून आमच्या गावचे चित्रकार आठवले. तेही हेच करायचे, आणि चतुर्थी झाली तरी महिनाभर त्यांचं नख काळं असायचं.

प्रश्नाचं उत्तर संतांनी देऊन ठेवलंय असं मला वाटतं. सावता माळी मळ्यात होते, गोरोबा चिखलात. कामातच देव. वेगळं काही शोधायची गरजच नाही.

शेवंती

अंत्रुजकर, आभार. पण संतांचं उदाहरण मला नेहमी अडचणीचं वाटतं. त्यांना विठोबा आधी भेटला होता आणि मग तो मळ्यात, चिखलात दिसू लागला. माझं उलटं आहे. मला चिखल भेटलाय. त्यात पुढे कोण आहे की नाही ते मला ठाऊक नाही, आणि 'आहेच' असं म्हणून टाकलं तर मी खोटं बोलेन.

नास्तिक_नाना

तंद्रीच ती. मिहाय चिक्सेंटमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात यावर बरंच काम केलं. चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक अशा लोकांशी बोलून त्याला एकच वर्णन मिळालं: वेळेचं भान जातं, 'मी'ची टोचणी बंद होते, हात आपोआप चालतात. त्याला त्यानं 'फ्लो' म्हटलं. अटीही साध्या आहेत. काम तुमच्या कौशल्याला ताण देणारं पण आवाक्यातलं हवं, काय करायचं ते स्पष्ट हवं, आणि बरोबर होतंय की नाही ते लगेच कळायला हवं. ताईंच्या डोळ्यांच्या आखणीत तिन्ही आहेत. देवळात तिन्ही नाहीत, म्हणून तिथे सिलिंडर आठवतो. यात देव आणायचं कारण नाही.

आणि एक विचारतो. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पहाटेपर्यंत बसलेल्या माणसाचंही वेळेचं भान गेलेलं असतं. त्यालाही पाऊस लागलेला कळत नाही. त्याला अध्यात्म म्हणाल?

आगाऊ_पोर

नाना पेटले. जेवण लांबवतो.

घुमटवाला

नानांचा कॅसिनो भारी आहे, पण मी वेगळ्या बाजूनं भांडणार.

मला हे 'आत, आत' प्रकरणच झेपत नाही. आत गेलो की मला फक्त मीच भेटतो आणि तो इसम काही फार बरा नाही. मला जे सापडतं ते बाहेर सापडतं, पंधरावीस जणांच्या घोळक्यात, घुमट आरतीला. घुमट म्हणजे तोंडाला चामडं लावलेलं मातीचं मडकं, सोबत शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळें, म्हणजे झांजा. चतुर्थीच्या रात्री एका घरातून दुसऱ्या घरात. सुरुवातीला प्रत्येकाचा हात वेगळा ऐकू येतो, कोण घाई करतोय, कोणाला झोप आलीय. मग कधीतरी ताल बसतो आणि त्यानंतर माझा हात कुठला ते मला ओळखता येत नाही. डाव्या हाताची बोटं घुमटाच्या बारीक तोंडावर उघडझाप करत असतात, वारा आतून तळव्याला ढकलतो, आणि कोणी मला नाव विचारलं तर क्षणभर आठवावं लागेल.

जाणत्यांसाठी: हो, चामडं आता बकरीचंच. घोरपडीचं होतं तेव्हाचा नाद वेगळा होता असं जुने लोक हळहळून सांगतात, पण घोरपड कायद्यानं संरक्षित आहे आणि ते योग्यच आहे. २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं तेव्हा याच नव्या चामड्याच्या घुमटाला मान मिळाला. नाद बदलला म्हणून आरती थांबली नाही. ताईंच्या पापणीचंही मला तसंच वाटतं.

केतकी

घुमटवाला, तुमचा शेवटचा परिच्छेद शेवंतीताईंनी फ्रेम करून लावावा.

मी मूळची डिचोलीची, आता पुण्यात. समुपदेशनाचं काम करते. नानांनी फ्लोबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, फक्त एक भर. फ्लो चांगला की वाईट हे त्या अवस्थेतून ठरत नाही. ती अवस्था कशाला जोडलेली आहे आणि नंतर माणूस कसा उरतो यावर ते ठरतं. जुगारी माणूस उठतो तेव्हा त्याला परत बसावंसं वाटतं, कारण उठल्यावर जे समोर येतं ते त्याला नको असतं. ताई, तुम्ही उठता तेव्हा काय होतं?

स्वीकाराबद्दलही एक सांगायचंय. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक 'मला स्वतःला स्वीकारायचंय' म्हणतात तेव्हा त्यांना स्वतःवर खूश व्हायचं असतं. ते होत नाही, मग ते त्याबद्दलही स्वतःवर चिडतात. तुमची पापणी तुम्हाला आवडत नाही आणि तरी तुम्ही ती तशीच ओढता, हे मला जास्त खरं वाटलं.

शेवंती

नाना आणि केतकी, दोघांना एकत्र उत्तर देते.

उठते तेव्हा पाठ मोडलेली असते, हे पहिलं. पायाला मुंग्या. मग चहा. चहा पिताना मी चुलतभावावर ओरडत नाही, हा फरक त्यानंही नोंदवलाय. तो मुद्दाम कठीण विषय तेव्हाच काढतो: पैसे, उधारी, कोणाचा पाट घ्यायचा नाही.

दुसरा फरक असा की कॅसिनोतल्या माणसाला काहीतरी मिळवायचं असतं. माझ्यासमोरची वस्तू दीड दिवसात पाण्यात जाणार असते. काही घरांचे पाच दिवस, सात दिवस, कोणाचे त्याहून जास्त, पण जाणार हे नक्की. तळ्यावर, नदीवर, विहिरीत. माझ्या हातचा एकही डोळा मागे राहिलेला नाही. नोकरीतले हिशेब मात्र कपाटात वर्षानुवर्षं जपून ठेवतात. गंमतच आहे.

आता अडचणीचं कबूल करते. दोन वर्षांमागे भाचीनं मला इन्स्टाग्राम काढून दिलं. डोळे आखतानाचा व्हिडिओ टाकला, लोकांना आवडला. त्यानंतरच्या मूर्तीच्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी रेघ ओढताना मोबाइल कुठल्या कोनात आहे त्याचा विचार करतेय. तीच मी, तोच ब्रश, आणि डोक्यात परत सिलिंडर. तेव्हा नाना, तुमच्या तीन अटी पाळूनही तंद्री मोडते. कोणीतरी बघतंय, एवढं पुरतं. देवळात माझं मन लागत नाही त्याचं कारणही कदाचित हेच असेल. तिथे मी भाविक दिसत असते.

व्हिडिओ अजून टाकते, पण भाची टाकते. मी लाइक बघत नाही असं सांगते. बघते.

निशिगंध

'तिथे मी भाविक दिसत असते.' आई गं.

शेवंती, एक विचारू का? इथे विचारणं बरोबर की नाही कळत नाही, पण बायकांच्या मनात येणारच. त्या चार दिवसांत तुम्ही आखणी करता? घरचे काही म्हणत नाहीत?

शेवंती

विचारा की. करते. सुरुवातीला आईनं तोंड वाकडं केलं होतं. मी म्हटलं, चित्रशाळेत आहे तोवर ती माती, रंग आणि पाट. प्राणप्रतिष्ठा तुमच्या घरी होते, भटजी करतात, मी तिथे नसते. आईला ते पटलं असं नाही, पण तेव्हा आखायला दुसरं कोणी नव्हतं आणि शंभरावर पाट ओळीनं बसले होते. आमच्याकडे पुष्कळ सुधारणा अशाच झाल्या आहेत.

बाबा होते तोवर बायकांनी रंग कालवायचा, मूर्ती वाळवायच्या, दागिन्यांचा सोनेरी हात मारायचा. चेहऱ्याला हात लावायचा नाही. कोणी सांगितलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. मी ब्रश धरला तेव्हा मला वाटलं होतं विरोध बाहेरून होईल. बाहेरून फारसा झालाच नाही. आतून मात्र बाबांचा आवाज प्रत्येक रेघेला यायचा: जाड झाली, परत पूस. अजून येतो. ध्यानशिबिरात सांगतात की आत शांतता आहे. माझ्या आत बाबा आहेत, कटकट करत. मी आता त्यांना म्हणते, बसा, बघा, पण रेघ मी ओढणार.

सत्तरीकर

मोठा धागा झालाय, सावकाश वाचला.

आमचं घराणं कागदाचा गणपती पुजणारं. पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मछळ करणाऱ्या न्यायालयाच्या काळात, १५६० ते १८१२, मूर्ती घरात सापडली तर काय व्हायचं ते सांगायला नको. काही घराण्यांनी मूर्तीच्या जागी चित्र आणि पत्री पुजायला सुरुवात केली. संकट गेलं तरी रीत राहिली. त्यामुळे मातीच्या गणपतीला डोळे मिळतानाचा क्षण मी लहानपणी फक्त शेजारच्यांकडे पाहिला, तोही दाराबाहेरून.

मला यातून एक वाटतं. देव दिसणं-लपणं हे आपल्या लोकांनी सक्तीनं शिकून घेतलं. आज अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात, जी मोठी देवळं आहेत त्यांतली बरीच मुळात दुसरीकडची. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. रातोरात नदी ओलांडून आलेले देव. जागा सुटली, देऊळ पडलं, तरी लोकांचं काहीतरी शाबूत राहिलं. ते कुठे होतं? अध्यात्म आत असतं की बाहेर या घुमटवाल्यांच्या वादात मला हे टाकावंसं वाटलं. आत होतं म्हणावं तर त्यांनी एवढा जीव धोक्यात घालून दगडाचं लिंग होडीत कशाला घातलं?

घुमटवाला

सत्तरीकर, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. माझी विकेट पडली का वाचली तेच कळेना.

अंत्रुजकर

विसर्जन होणाऱ्या कलेवरून एक आठवलं. गायिका केसरबाई केरकर आपल्या केरीच्या, इथून हाकेच्या अंतरावर. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली तिच्यावर त्यांची भैरवी आहे. त्याच वर्षी, यानं निघाल्यावर काही दिवसांतच, केसरबाई गेल्या. व्हॉयेजर-१ हे यान २०१२ मध्ये आंतरतारकीय अवकाशात पोचलं. म्हणजे फोंडा तालुक्यातल्या एका बाईचा आवाज तिकडे आहे, आणि दुसऱ्या बाईचे डोळे दरवर्षी तळ्यात. दोन्ही कलाच. कोणती मोठी हे विचारायचं नाही.

नास्तिक_नाना

मी विचारतो. केसरबाईंची. कारण ती आपण अजून ऐकू शकतो. टिकणं यालाही किंमत आहे. 'सगळं नश्वर, म्हणून सुंदर' हे ज्याचं काम टिकलं नाही त्यानं स्वतःला दिलेलं समाधान असतं. ताई, राग मानू नका. तुम्ही निदान एक मूर्ती ठेवून घ्या. भट्टीत भाजा, टेराकोटा करा.

शेवंती

राग कसला नाना. हे मी मनात कितीदा म्हटलंय. एका वर्षी एक छोटी मूर्ती केली, विसर्जन न होणारी, खास ठेवायची म्हणून. चांगले दोन आठवडे घोळवली. डोळे इतके जपून आखले की ते मेलेले निघाले. चुलतभाऊ म्हणाला, हा पासपोर्टचा फोटो आहे. कपाटावर आहे अजून. तुम्ही म्हणता ते खोटं नाही, टिकण्याला किंमत आहेच. माझ्या हाताला ती किंमत झेपत नाही इतकंच.

निशिगंध

अवांतर: जुन्या देवळांच्या भिंतींवरचं कावी काम पाहिलंय का कोणी जवळून? पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर, आणि तो ओला असेपर्यंत टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. सुकला की संपलं, दुरुस्ती नाही. शेकडो चौरस फूट भिंती, आणि करणाऱ्याचं नाव बहुधा कुठेच नाही. जीर्णोद्धारात त्यावर टाइल्स बसवतात तेव्हा पोटात तुटतं. ती माणसं काम करताना काय विचार करत असतील? मला वाटतं, गिलावा वाळायच्या आत हा मोर पुरा होईल का, एवढाच.

केतकी

निशिगंध, हेच. 'एवढाच.'

आगाऊ_पोर

जेवलो. आता गंभीर. मी डिझायनर आहे, पर्वरीत. दिवसभर कंपन्यांचे लोगो. 'सेल्फ-एक्स्प्रेशन' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो आणि क्लायंट शेवटी निळाच रंग मागतो. हा धागा वाचून पहिल्यांदा वाटलं की स्वतःला व्यक्त वगैरे करायला न जाताही माणूस कामात उतरतो. ताईंनी बाबांसारखं करायचा जीव तोडून प्रयत्न केला आणि तरी त्यांचं वळण आलंच. उद्यापासून मी निळा रंग मन लावून देणार. हसू नका.

सत्तरीकर

एक व्यावहारिक प्रश्न राहिलाच. माझी मुलगी नऊ वर्षांची. शाळेतून आली की अंगणातल्या मातीचं काहीतरी करत बसते, हाक मारली तरी ऐकू जात नाही. बायको म्हणते क्लासला घालू, पुढे स्पर्धांना पाठवता येईल. शेवंतीताई, काय करावं?

शेवंती

क्लास राहू दे सध्या. अंगणातली माती भेगाळते, तिला शेतातली चिकणमाती आणून द्या. खडे काढायला तिलाच बसवा, कंटाळा आला तर येऊ दे. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत वापरता येते. केलेलं मोडलं तर मोडू दे, फोटो काढायला धावू नका. तिनं मागितला तर काढा. आणि हाक मारली तरी ऐकू जात नाही म्हणता ना, तर तेवढा वेळ मारू नका. जेवण थोडं गार होईल.

आमची माती पुढच्या आठवड्यात मळायला घेतोय. तुमच्या सत्तरीतल्या वाळपईहून फोंडा काही लांब नाही, रविवारी घेऊन या तिला. आधी इथे निरोप टाका, कारण भाऊ रविवारी दुपारी दार लावून झोपतो आणि उठवलं तर चिडतो.